फुफ्फुसांचं कपाट: प्रकल्प नोंदी, जुलै–ऑगस्ट २०२५

२ जुलै

काम: प्राणिशास्त्र संग्रहालयातलं फुफ्फुसांचं कपाट नव्यानं मांडणं. पाच खण, पुढून काच, आतून दिवा.

जुन्या मांडणीत डावीकडून मासा, बेडूक, सरडा, पक्षी, सस्तन प्राणी अशी रांग होती. दर पायरीला फुफ्फुसाच्या पिशवीत पडदे वाढत गेलेले दाखवले होते. ही रांग दोन ठिकाणी चुकते. फुफ्फुस जमिनीवर आल्यावर तयार झालं नाही. हाडांचा सांगाडा असलेल्या माशांच्या पूर्वजांकडेच ते होतं, आणि आजच्या बहुतेक माशांतला वाताशय (पोटातली हवेची पिशवी) हे त्याचंच बदललेलं रूप आहे. डार्विननं १८५९ साली उलट मांडलं होतं, की वाताशयाचं फुफ्फुस झालं. दोन्ही अवयव एकाच मुळाचे, हे त्याचं म्हणणं टिकलं. क्रम मात्र उलटा निघाला. दुसरी चूक पक्ष्याची. पक्ष्याचं फुफ्फुस म्हणजे सस्तन प्राण्याच्या फुफ्फुसाची कच्ची आवृत्ती नव्हे. ती रचनाच निराळी आहे, आणि वायूंच्या देवाणघेवाणीत सरस आहे.

म्हणून रांग मोडायची. दर खणात एकच प्रश्न: हवा आत कशी येते आणि बाहेर कोणत्या वाटेनं जाते?

साहित्य फक्त खाटकाकडचं आणि मासळीबाजारातलं. यूजीसीच्या २०१४ च्या सूचनेनंतर महाविद्यालयात प्राण्यांचं विच्छेदन बंद आहे, आणि साप, घोरपड यांना १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. त्यांची प्रतिकृतीच करायची.

८ जुलै

बोकडाची फुफ्फुसं आणली. दुकानात 'फेफडा' मागितला की तुकडे करून मिळतो, म्हणून आदल्या दिवशीच सांगून ठेवावं लागतं: श्वासनलिका कंठापासून अख्खी हवी, हृदय जोडलेलं हवं, सुरी कुठेही लागता कामा नये. तीन संच घेतले. एक तरी फुटका निघतोच.

तपासणीचा क्रम असा. आधी नळाखाली धुवून हातानं चाचपायचं. मऊ, सारखं लागलं तर ठीक. आत कडक गाठ लागली, किंवा पाणी भरलेला पांढुरका फुगा दिसला, तर तो हायडॅटिड कृमीचा फुगा असू शकतो. तो फोडायचा नाही आणि कुत्र्यापुढे तर अजिबात टाकायचा नाही. कुत्र्याच्या पोटातच या कृमीची पुढची पिढी वाढते आणि विष्ठेतून माणसापर्यंत पोचते. असा संच खोल पुरायचा किंवा जाळायचा. एका संचात असा फुगा निघाला. तो संच बाद.

उरलेल्या दोन्हींवर गडद लाल ठिपके आहेत. हा आजार नव्हे. गळा चिरताना श्वासाबरोबर रक्त आत ओढलं जातं, त्याचे हे डाग. फुप्फुसधमनीतून ०.९ टक्के मिठाचं पाणी सोडलं की बाकीचं फुफ्फुस पांढुरकं होतं. हे डाग मात्र जात नाहीत, कारण ते रक्त वाहिन्यांत नसून हवेच्या जागेत असतं.

९ जुलै

फुगवण्याची जोडणी. माशांच्या टाकीचा हवापंप, सिलिकॉनची नळी, मध्ये तीन तोंडांचा एक 'टी' जोड. टीची तिसरी वाट उंच बरणीतल्या पाण्यात २५ सें.मी. खोल बुडवली. दाब २५ सें.मी. पाण्यापेक्षा वाढला की हवा बरणीत बुडबुड्यांच्या रूपानं निसटते. दाबमापक नको, झडप नको. ही बरणी नसेल तर छोटा पंपसुद्धा फुफ्फुसावरण फाडू शकतो.

पहिल्या फुगवणीत उजव्या बाजूचा पुढचा खंड चपटाच राहिला. बाकी सगळं गुलाबी, फुगलेलं आणि हा एक तुकडा जांभळट. आधी वाटलं रक्ताची गुठळी अडकली असेल. तशी नव्हती. नळी फार खोल गेली होती.

बोकडाची श्वासनलिका दोन श्वसनींत दुभंगण्याच्या काही सेंटिमीटर आधीच उजवीकडे एक वेगळी फांदी सुटते, आणि ती थेट याच पुढच्या खंडात जाते. शेळी, मेंढी, गाय, डुक्कर, सगळ्यांत ती असते. माणसात सहसा नसते. नळीचं टोक या फांदीच्या पुढे गेलं की फांदीचं तोंड बुजतं. नळी मागे ओढून श्वासनलिकेच्या वरच्या तिसऱ्या भागात बांधली. तो खंड आधी कडेनं उजळला, मग मध्ये, मग कोपऱ्यापर्यंत फुलत गेला.

हे तोंड प्रदर्शनात दिसायलाच हवं. श्वासनलिकेची कडी इंग्रजी 'सी'च्या आकाराची असतात, उघडी बाजू पाठीकडे. त्या मऊ बाजूनं उभा काप घेतला की आतून दोन तोंडं दिसतात: एक बाजूला, लहान, दुसरं समोर, दुभाग्याचं.

१० जुलै

पृष्ठताणाचा प्रयोग ताज्या फुफ्फुसावरच होतो. फॉर्मलिन लागल्यावर काही दिसत नाही.

पहिला भाग: एका फुफ्फुसात हवा, दुसऱ्यात तितकंच मिठाचं पाणी. पाण्यानं फुगवायला बराच कमी दाब पुरतो. फॉन नीरगार्ड या शास्त्रज्ञानं १९२९ साली हेच दाखवलं होतं. हवेनं फुगवताना जोर मुख्यतः ऊतीच्या ताठरपणाशी लढण्यात जात नाही. वायुकोशाच्या (फुफ्फुसातल्या हवेच्या बारीक पिशवीच्या) आतल्या ओल्या थराचा ताण त्याहून मोठा असतो, आणि पाणी भरलं की हवा-पाण्याची ती सीमाच उरत नाही.

दुसरा भाग जास्त सुंदर आहे. फुफ्फुसाचा मटारएवढा तुकडा काचपट्टीवरच्या पाण्याच्या थेंबात चिमट्यानं दाबायचा आणि भिंगाखाली बघायचं. बाहेर आलेले बारीक बुडबुडे तसेच टिकून राहतात. शेजारी साबणाच्या पाण्यातले तेवढेच बुडबुडे आक्रसत जाऊन नाहीसे होतात. पॅटल या शास्त्रज्ञानं १९५५ साली अशाच बुडबुड्यांवरून ओळखलं की फुफ्फुसाच्या अस्तरावर ताण जवळपास शून्यावर आणणारा थर आहे. अपुऱ्या दिवसांच्या बाळात तो पुरेसा नसतो, म्हणून श्वास सोडला की वायुकोश मिटतात. याच जातीचा स्निग्ध थर माशांच्या वाताशयातही सापडतो. माशाचा खण आणि फुफ्फुसांचे खण जोडणारा हा सगळ्यात पक्का दुवा आहे. चित्रफलकावर त्याला मोठी जागा द्यायची.

१४ जुलै

स्थिरीकरण. बाजारातलं फॉर्मलिन १ भाग, पाणी ९ भाग, लिटरला ९ ग्रॅम मीठ. द्रावणाची बाटली अशी टांगायची की पातळी फुफ्फुसाच्या सर्वात वरच्या टोकापासून २५ सें.मी. उंच राहील. द्रावण श्वासनलिकेतून आत, आणि फुफ्फुस त्याच द्रावणाच्या टबात. ते तरंगतं, म्हणून वरून भिजलेलं सुती कापड. तीन दिवस. खिडक्या उघड्या, पंखा बाहेरच्या दिशेनं, हातमोजे आणि चष्मा. वापरलेलं फॉर्मलिन गटारात जात नाही. कॅनमध्ये साठवून रासायनिक कचऱ्यात.

घाई करून एका दिवसात काढलं तर बाहेरून घट्ट, आतून कच्चं राहतं आणि सुकताना मध्येच खड्डा पडतो.

१८ जुलै

एक दिवस वाहत्या पाण्याखाली धुवून सुकवणी सुरू केली. फुफ्फुसावरणावर बारीक सुईनं साधारण दोन सें.मी. अंतरानं टोचे. टोचे नसतील तर हवा आत कोंडून राहते आणि ओल बाहेर पडत नाही. पंप अखंड चालू, दाब तोच २५.

रात्री वीज गेली आणि सकाळपर्यंत डाव्या बाजूचा मागचा खंड खाली बसला. अर्धवट सुकलेल्या भिंती एकमेकींना चिकटल्या की नुसता दाब वाढवून सुटत नाहीत, उलट दुसरीकडे फाटतात. उपाय: पुन्हा द्रावणात बुडवून पूर्ण ओलं करायचं, मऊ झालं की सावकाश फुगवायचं. तसं केलं. आता पंप बॅटरीवर चालणारा आहे. पावसाळ्यात हे काम करायचं तर पहिल्या दिवसापासून बॅटरी हवी.

ग्लिसरीन लावायचं नाही. पुस्तकात लवचिकपणासाठी सुचवलेलं असतं, पण ग्लिसरीन हवेतली ओल शोषतं आणि जुलैत पूर्ण नमुना चिकट होतो.

२१ जुलै

श्रावण २५ ला लागतो. त्याआधी बोकडाचा एक जादा संच आणि कोंबड्या आणून ठेवायला हव्यात. नंतर दुकानात कापणी कमी होते.

कोंबडीचं फुफ्फुस बहुतेकांनी पाहिलेलं असतं, ओळखलेलं नसतं. रश्श्याच्या तुकड्यात बरगड्यांच्या आतल्या बाजूला चिकटलेला गुलाबी, स्पंजासारखा लहान तुकडा तोच. बोटाच्या टोकानं हळूच उचकटला की पाठीमागच्या अंगावर बरगड्यांच्या खोल खाचा दिसतात. फुफ्फुस बरगड्यांत इतकं घट्ट बसलेलं असतं की श्वास घेताना त्याचं आकारमान जवळपास बदलतच नाही. भात्याचं काम वायुपिशव्या करतात. पक्ष्यांत त्या साधारण नऊ असतात. कोंबडीत मानेच्या दोन पिशव्या जोडलेल्या असल्यानं आठ मोजतात.

दुकानात सांगायचं: मान कापा, पोट उघडू नका, साल काढू नका. श्वासनलिकेचा निदान चार सें.मी. तुकडा धडाला राहू द्या. पोटात चीर गेली की मागच्या पिशव्या संपल्या. त्या पातळ प्लास्टिकच्या पापुद्र्यासारख्या असतात, आणि रिकाम्या असताना डोळ्यांना दिसतही नाहीत. पंप लावून १० सें.मी. पाण्याच्या दाबानं हळूहळू फुगवल्या की आतड्यांभोवती चमकदार फुगे उठतात. मगच बाजूनं उघडायचं, फुगलेल्या अवस्थेत.

२३ जुलै

दंडाच्या हाडाचा प्रयोग. जॉन हंटरनं १७७४ साली पक्ष्यांच्या हवेच्या पोकळ्यांवर लिहिलं. त्यातलीच ही गोष्ट. कोंबडीच्या दंडाचं हाड पोकळ असून गळ्याजवळच्या वायुपिशवीशी जोडलेलं असतं. हाड मध्ये कापून पंख पाण्यात धरायचा आणि श्वासनलिकेतून हवा सोडायची. कापलेल्या टोकातून बुडबुडे येतात.

ब्रॉयलरमध्ये एकही बुडबुडा आला नाही. दोष जोडणीचा नव्हता. ब्रॉयलर सहा आठवड्यांच्या आसपास कापला जातो, तेव्हा त्या हाडात अजून लाल मज्जा भरलेली असते; वायुपिशवीची शाखा हाडात शिरून पोकळी करायला आणखी महिने जातात. वय झालेली लेयर (अंड्यांसाठी पाळलेली) कोंबडी आणली. तिच्या हाडाचा काप आतून कोरडा, पांढरा, आडव्या बारीक तुळया घातलेला होता. बुडबुडे लगेच आले. दोन्ही कापलेली हाडं शेजारी ठेवायची: एक लाल, एक पोकळ.

२९ जुलै

रोहू, साधारण एक किलोचा, पोट न चिरलेला. कोळिणीच्या कोयत्याखाली वाताशय पहिला फुटतो, म्हणून अख्खाच घ्यायचा. खालून न उघडता डाव्या कुशीची भिंत खिडकीसारखी कापून काढली. वाताशय आतड्याच्या वर, कण्याच्या खाली, मोत्यासारखा चकाकत असतो. मध्ये आवळलेले दोन कप्पे. दोन कप्प्यांच्या सांध्याजवळून धाग्याएवढी नळी पुढे अन्ननलिकेत जाते. ही नळी शाबूत राहिली तरच नमुन्याला अर्थ आहे. वाताशय मुळात अन्नमार्गाची पिशवी होती, याचा तो पुरावा. म्हणून अन्ननलिकेचा तुकडा सोबतच काढायचा.

खणात लिहायचं ते असं. फुफ्फुस अन्ननलिकेच्या पोटाकडच्या बाजूनं फुटतं, वाताशय पाठीकडून. फुफ्फुसाला रक्त कल्ल्यांच्या सहाव्या कमानीच्या धमनीतून येतं. आफ्रिकेतल्या बिशिर माशाच्या पोटाकडे जोडीनं असलेल्या पिशव्यांना रक्त याच धमनीतून मिळतं, म्हणून त्या पिशव्या खरंच फुफ्फुसं आहेत. सीलाकँथ या समुद्रातल्या माशात फुफ्फुसाचा अवशेष कठीण पट्ट्यांनी वेढलेला सापडतो. रोहूत वाताशयाचा पुढचा कप्पा लहान हाडांच्या साखळीनं कानाशी जोडलेला आहे. तिथे पिशवी तरंगायला आणि ऐकायला दोन्हीला लागते.

बिशिर शोभेच्या माशांच्या दुकानात मिळतो. जिवंत ठेवायचा ठरवला. पाण्याच्या वर हवेची मोकळी जागा आणि घट्ट झाकण लागतं, कारण तो उडी मारतो. हवा घेताना तो डोक्यावरच्या दोन छिद्रांतून घेतो. त्यासाठी दिवा वरून नको, बाजूनं हवा.

२ ऑगस्ट

दिसायला फुफ्फुस, पण फुफ्फुस नव्हे, अशांचा खण. हाच खण सगळ्यात जास्त गैरसमज दूर करेल.

मरळ हवेतला श्वास घेतो, पण कल्ल्यांच्या वरच्या पोकळीतून. देशी मांगूरमध्ये त्याच जागी झाडासारखी फांद्या फुटलेली रचना असते. थाई मांगूर चालणार नाही. त्याच्या पालनावर बंदी आहे. हेटेरोप्न्युस्टेस या शिंगी माशात तर कल्ल्यांच्या कप्प्यातून दोन लांब नळ्या शेपटीकडे जातात, हुबेहूब फुफ्फुसांची जोडी. तरीही उगम कल्ल्यांचा, अन्ननलिकेचा नाही. पाण्याच्या पृष्ठभागावर येऊ दिलं नाही तर मरळ बुडून मरतो. तेवढ्यानं त्याचा अवयव फुफ्फुस ठरत नाही.

याच खणात शंखी गोगलगाय (प्रावाराची, म्हणजे अंग झाकणाऱ्या पडद्याची पोकळी, उजवीकडे उघडमीट करणारं छिद्र) आणि विंचू (पोटाकडे पुस्तकी फुफ्फुसांच्या चार जोड्या, पानं एकमेकांवर रचलेली). नावात फुफ्फुस असलं तरी वंशावळ निराळी.

६ ऑगस्ट

सिलिकॉनचे साचे: हवेच्या नळ्यांत सिलिकॉन भरून जमू द्यायचं, मग मांस विरघळवायचं, की नळ्यांचा आकार उरतो. आरटीव्ही (खोलीच्या तापमानाला घट्ट होणारं) सिलिकॉन, बोकडासाठी सुमारे २०० मि.लि. मिश्रण पुरतं. घट्ट वाटलं तर सिलिकॉन तेल १० टक्क्यांपर्यंत. पुरवठादार ३ टक्के कॅटॅलिस्ट (सिलिकॉन जमवणारं रसायन) सांगतो. दमट हवेत ते लवकर जमतं, म्हणून २ टक्के. गरम दुपारी नको.

पक्षी आणि सस्तन प्राणी यांतला फरक इथे हातालाच कळतो. बोकडाच्या श्वासनलिकेत सिलिकॉन ओतलं की थोडं जाऊन थांबतं. प्रत्येक फांदी शेवटी बंद आहे, आणि आतल्या हवेला जायला वाट नाही. फुफ्फुसावरणावर शेकडो टोचे मारावे लागतात, मग सिलिकॉन इंचाइंचानं पुढे सरकतं. कोंबडीत दर वायुपिशवीला एकच टोचा पुरतो. सिलिकॉन एका बाजूनं शिरतं, फुफ्फुसातून आरपार जातं आणि पलीकडच्या पिशवीतून थेंब बाहेर येतो.

एक दिवस जमू दिल्यावर १० टक्के कॉस्टिक पोटॅश, कोमट, प्लास्टिकच्या बादलीत. अ‍ॅल्युमिनियमचं भांडं अजिबात नको. पोटॅश ते खातं आणि हायड्रोजन सुटतो. बोकडाचं मांस तीन-चार दिवसांत विरघळतं. उकळायचं नाही, गरम तीव्र अल्कलीनं सिलिकॉनही खराब होतं.

कोंबडीचा पहिला साचा बादलीतून काढतानाच तुटला. पॅराब्राँकाय, म्हणजे पक्ष्याच्या फुफ्फुसातल्या हवेच्या समांतर नळ्या, एक मि.मी.च्या आसपास जाड असतात आणि पाण्याच्या धारेनं वाकतात. दुसरा पाण्यातच चाळणीवर घेऊन उचलला.

११ ऑगस्ट

पक्ष्याच्या साच्यामागे दोन श्वासांचं चित्र. पहिला श्वास घेताना ताजी हवा मुख्यतः मागच्या पिशव्यांत जाते. सोडताना ती फुफ्फुसातून पुढे वाहते. दुसरा श्वास घेताना पुढच्या पिशव्यांत, सोडताना बाहेर. एक हवेचा घोट, दोन श्वास. फुफ्फुसाच्या मोठ्या भागात वारा घेताना आणि सोडताना एकाच दिशेनं वाहतो, आणि कुठेही दरवाजासारखी झडप नाही. नळ्यांचे कोन आणि हवेचा वेग मिळून ते साधतात. हवा आणि रक्त यांच्यामधली भिंत कोंबडीत सुमारे ०.३ मायक्रॉन, माणसात त्याच्या जवळपास दुप्पट. हिवाळ्यात उजनी आणि जायकवाडीवर उतरणारा पट्टकदंब हंस हिमालय ओलांडताना ७,००० मीटरवर नोंदला गेला आहे. त्याचा फोटो इथेच.

एकाच दिशेचा वारा पक्ष्यांपासून सुरू झाला नाही. २०१० साली तो अ‍ॅलिगेटरमध्ये मोजला गेला आणि २०१४ साली आपल्या घोरपडीच्या आफ्रिकी भाऊबंदात. म्हणजे उड्डाणाच्या खूप आधीपासून ही सोय सरपटणाऱ्यांत होती, किंवा वेगवेगळ्या शाखांत स्वतंत्रपणे आली. चित्रावर दोन्ही शक्यता ठेवल्या आहेत; एक पुसून टाकणं घाईचं होईल.

बेडूक, साप आणि देवगांडूळ (बिनपायांचा उभयचर) यांच्या प्रतिकृती मातीच्या. बेडकाला बरगड्यांचा पिंजरा नाही, श्वासपटल नाही. तो तोंडाचा तळ खालीवर करून हवा आत ढकलतो. सापात उजवं फुफ्फुस लांब, पुढे जाळीदार, मागे नुसती पिशवी. डावं बहुतेकांत खुरटलेलं किंवा नाहीच. अजगरात मात्र दोन्ही असतात, हे विसरून सगळ्या सापांना एकच प्रतिकृती लावू नये.

१६ ऑगस्ट

सस्तन खणाच्या पाट्या. माणसात सुमारे ४८ कोटी वायुकोश. बाजूला हत्तीसाठी एक ओळ: हत्तीत फुफ्फुस आणि छातीची भिंत यांच्यामध्ये इतरांसारखी मोकळी फट नसते, ती जागा संयोजी ऊतीनं भरलेली असते. सोंड वर काढून खोल पाण्यात चालताना छातीवर पाण्याचा दाब आणि फुफ्फुसात वरच्या हवेचा दाब, यांतल्या फरकानं फटीतल्या नाजूक वाहिन्या फुटल्या असत्या, असं स्पष्टीकरण दिलं जातं.

पाट्यांवर 'प्रगत' आणि 'मागास' हे शब्द तीन ठिकाणी राहिले होते. काढले.

१९ ऑगस्ट

पाऊस थांबलेला नाही. बोकडाच्या सुक्या फुफ्फुसावर उजव्या पुढच्या खंडाच्या कडेला बुरशीचा राखी ठिपका. मऊ ब्रशनं झाडून स्पिरिट लावलं. खणात सिलिका जेलच्या पुड्या दुप्पट केल्या. निळे दाणे गुलाबी झाले की भाजून परत वापरायचे. दाराच्या फटीला रबरी पट्टी. रोहूचा वाताशय एका दिवसात कागदासारखा सुकला होता, त्याला काही झालेलं नाही.

बाकी: श्वासनलिकेतल्या त्या बाजूच्या लहान तोंडावर पडेल असा दिवा, आणि बिशिरच्या टाकीचं झाकण एका कोपऱ्यात अजून उचललं जातं, तिथे वजन.